जुनी पेटी, नवी पेटी आणि आपले कान

बाहेरच्या फलकावर आजचा विषय वाचून दोघा-तिघांनी मला दारातच गाठलं. ‘सर, तत्त्वज्ञान सोडून वाद्यांच्या दुकानात कधी बसायला लागलात?’ मी म्हटलं, आत येऊन बसा. शेवटी ज्ञानमीमांसेवरच यायचं आहे, फक्त वाट भजनी मंडळाच्या पेटीवरून जाते.

निमित्त सांगतो. माझ्या पुतण्याचा मुलगा पुण्याला इंजिनिअरिंगला आहे. कॉलेजच्या बँडमध्ये बेसगिटार वाजवतो. बेसगिटार म्हणजे, सोपं करून सांगायचं तर, खर्जाची गिटार. चार जाड तारा, आणि सगळ्या गाण्याचा पाया तिच्यावर. दिवाळीत तो आला आणि मला म्हणाला, ‘आबा, 1960 च्या सुमारच्या फेंडर कंपनीच्या बेसगिटारी लोक कित्येक लाखांना घेतात. नवी साधी पंधरा-वीस हजारांत मिळते. जुनीचा आवाज खरंच इतका चांगला असतो का?’

बेसगिटार मी आयुष्यात हातात धरलेली नाही. पण प्रश्न ऐकला आणि आमच्या घरातली एक गोष्ट आठवली. हा प्रश्न मला लहानपणापासून माहीत आहे, फक्त तिथं गिटारीच्या जागी हार्मोनियम होती. आमच्याकडे तिला पेटीच म्हणतात.

आमचं गाव औसा तालुक्यातलं. तेव्हा लातूर जिल्हा नव्हता, तो 1982 साली झाला. आम्ही उस्मानाबाद जिल्ह्यातले. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवायचे. पेटी त्यांची स्वतःची. कुठल्याशा मोडलेल्या नाटक कंपनीच्या सामानातून आजोबांनी घेतलेली. ती ‘पॅरिसची’ होती. गावात कुणीही पॅरिस पाहिलेलं नव्हतं, मी तर बरीच वर्षं पॅरिस हे पेटीच्या कंपनीचं नाव समजत होतो. पण पंचक्रोशीत ती पेटी त्याच नावाने ओळखली जायची.

आता हे पॅरिस आमच्या गावात कसं पोचलं, ते जरा बघू. हार्मोनियम हे मूळचं युरोपचंच वाद्य. अलेक्झांद्र दबँ या कारागिराने 1842 साली पॅरिसला त्याचं पेटंट घेतलं. ते पायाने भाता मारायचं, टेबलासारखं उभं वाद्य होतं. मिशनऱ्यांबरोबर आणि साहेबांबरोबर ते हिंदुस्थानात आलं. आपल्याकडे गाणारा-वाजवणारा जमिनीवर बसतो, त्यामुळे ते तसं गैरसोयीचंच. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांत कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी, म्हणजे ‘द्वारकिन’ कंपनीवाल्यांनी, मांडी घालून एका हाताने भाता मारता येईल असं तिचं रूप प्रचारात आणलं. मग मुंबईतही पेट्या व्हायला लागल्या. लाकूड इथलं, भाता इथला, सुतारकाम इथलं. पण आतला जीव, म्हणजे ज्या पितळी जिभेतून सूर निघतो ती रीड, ही मात्र बरीच वर्षं पॅरिसहून नाहीतर जर्मनीहून यायची. म्हणून ‘पॅरिसची पेटी’ म्हणजे पॅरिसची रीड बसवलेली पेटी. सागवान कदाचित ब्रह्मदेशाचं, मालक निजामाच्या मुलखातला आणि पितळ तेवढं फ्रान्सचं.

मराठवाड्यात ती आली रेल्वेने आणि नाटकवाल्यांमुळे. मनमाड–हैदराबाद रेल्वे 1900 च्या सुमारास नांदेडवरून सुरू झाली. लातूरला बार्शी लाइटची छोटी गाडी 1911 मध्ये पोचली. त्या गाडीतून लातूरची गळिताची धान्यं बाहेर गेली आणि परतीला जे सामान आलं, त्यात पेट्याही आल्या. नाटकाची पेटी देवळात गेली, देवळातून माजघरात. दुसरं महायुद्ध आणि नंतरचे आयातीचे निर्बंध यांत परदेशी रीड आटली. तिची जागा घेतली गुजरातेत भावनगरजवळच्या पालिताण्याने. जैनांचं तीर्थक्षेत्र म्हणून आपण ते ओळखतो, पण हार्मोनियमवाल्यांसाठी पालिताणा म्हणजे रीडचं गाव. आज आपण ऐकतो त्या बहुतेक पेट्यांमध्ये तिथलाच सूर आहे.

आणि इथून ती समजूत सुरू होते. पॅरिस म्हणजे गोड, जर्मन म्हणजे खणखणीत, पालिताणा म्हणजे चालवून घ्यायचं.

1972 चा दुष्काळ इथल्या निम्म्या लोकांनी पाहिलेला आहे. मिलोच्या भाकरी, सुकडी, खडी फोडायची कामं. त्या साली अण्णांनी पेटी विकली. कुणाला विकली ते त्यांनी सांगितलं नाही, आणि आईने विचारलं नाही. मी 1976 ला नांदेडला प्राध्यापक म्हणून लागलो. पहिल्या काही पगारांतून पैसे साठवून एक नवी पेटी घेतली, पालिताण्याच्या रीडची, आणि एस.टी.च्या टपावर टाकून गावी नेली. अण्णांनी ती दोनदा वाजवली. मग तिच्यावर धोतराचं जुनं पान टाकलं. म्हणाले, ‘चांगली आहे. पण ती पॅरिसची होती.’ पुढे तेरा वर्षं, म्हणजे 1989 ला ते गेले तोपर्यंत, त्यांनी पेटीला हात लावला नाही. भजनाला टाळ घेऊन बसायचे. ज्या माणसाच्या बोटांत सगळं होतं तो तेरा वर्षं टाळ वाजवत बसला. म्हणून हा विषय माझ्यासाठी दुकानातला नाही.

अण्णा गेल्यावर मला काय झालं सांगता येत नाही, पण मी जुनी पॅरिसची पेटी शोधायला लागलो. एका विक्रेत्याकडून घेतली, ऐपतीबाहेरची किंमत देऊन. नांदेडच्या घरी ती अकरा वर्षं होती. गाणारे यायचे, वाजवणारे यायचे. मी आधी सांगायचो, ‘जुनी आहे, पॅरिसची.’ मग ते वाजवायचे आणि मान हलवायचे. ‘हा आवाज आता होत नाही हो.’ मलाही तसंच वाटायचं. वाटायचं म्हणजे, मी ते ऐकत होतो, हे लक्षात घ्या. खोटं बोलत नव्हतो.

अकराव्या वर्षी भाता फसफसायला लागला, म्हणून वजिराबादच्या एका म्हाताऱ्या कारागिराकडे पेटी नेली. सगळे त्यांना चाचा म्हणायचे. त्यांनी झाकण काढलं, एकेक रीड बोटाने चाचपली, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, ‘प्रोफेसरसाब, तुमचा पॅरिस पालिताण्यात जन्मला.’ निम्म्याहून जास्त रीडा नव्या होत्या. पट्टीचा घाट वेगळा, रिव्हेट वेगळी, ते त्यांनी शेजारी शेजारी ठेवून दाखवलं. ज्या काही जुन्या उरल्या होत्या, त्या इतक्या वेळा घासल्या होत्या की त्यांची जीभ कागदासारखी झालेली.

घासणं म्हणजे काय, ते सांगायला हवं. रीड म्हणजे एका पितळी पट्टीत चीर पाडून तिच्यावर एका टोकाला रिव्हेटने बसवलेली पातळ जीभ. हवा चिरेतून जाताना ती जीभ आत-बाहेर कापते आणि सूर निघतो. सूर चढवायचा असेल तर जिभेचं मोकळं टोक घासून हलकं करतात. उतरवायचा असेल तर रिव्हेटजवळ घासतात. म्हणजे दोन्ही वेळा पितळ कमीच होतं. ज्या पेटीचे सूर पन्नास-साठ वर्षं कुणी ना कुणी लावत आलं, तिच्यातली रीड जन्मली तेव्हाची राहिलेली नसते. शिवाय पितळ काही लोणच्यासारखं मुरत नाही. सारखं वाकून वाकून ते थकतं आणि एक दिवस जीभ तुटते.

मिलिंदाचा रथ तुम्हाला आठवत असेल. औरंगाबादला बाबासाहेबांनी उभ्या केलेल्या महाविद्यालयाला ज्याचं नाव आहे, तोच मिलिंद राजा. भिक्षू नागसेन त्याला विचारतो, रथ म्हणजे काय, चाक की आस की जू? एकेक भाग काढत गेलं तर ‘रथ’ असा वेगळा सापडत नाही. ते भागांच्या जुळणीला दिलेलं नाव आहे. माझ्या पेटीचा भाता दोनदा बदललेला, चामडं किती वेळा त्याची गणतीच नाही, रीडा निम्म्या बदललेल्या, पट्ट्यांवरचं पांढरं प्लॅस्टिक तर उघडउघड नवीन. मग अकरा वर्षं आम्ही मान हलवली ती कशाला? नावाला?

चाचांनी माझा चेहरा बघितला असावा. त्यांच्याकडे दुरुस्तीला आलेल्या आणखी दोन पेट्या होत्या, एक नवीकोरी, एक खरोखर जुनी जर्मन. मीच हट्ट धरला की पडदा लावून ऐकू. त्यांच्या मुलाने चादर धरली, चाचांनी पलीकडे बसून तिन्हींवर तेच स्वर वाजवले. मी आणि माझे दोन मित्र, एक गाणारे, दुसरे तबलजी, अलीकडे कागद घेऊन. तिघांनीही ज्या पेटीला ‘जुनी’ म्हणून खूण केली ती नवीकोरी निघाली. गाणारे मित्र चिडले. चाचा म्हणाले, ‘साब, तिचे सूर मी आज सकाळीच लावले. बाकीच्या दोन्ही उतरल्यात.’

आता याला कुणी शास्त्र म्हणू नये. तीन माणसं आणि एक चादर. पण शास्त्र म्हणावं असं काम पुढे झालेलं आहे, ते व्हायोलिनवर. स्ट्रॅडिव्हरी या इटालियन कारागिराची तीनशे वर्षांपूर्वीची व्हायोलिनं कोट्यवधींना जातात, हे तुम्ही ऐकलं असेल. फ्रान्सच्या संशोधक क्लॉडिया फ्रिट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2010 साली अमेरिकेत इंडियानापोलिसला व्हायोलिन स्पर्धेच्या वेळी 21 वादकांना एका हॉटेलच्या खोलीत, मंद उजेडात, डोळ्यांवर काळे गॉगल चढवून सहा व्हायोलिनं वाजवायला दिली. तीन नवी, दोन स्ट्रॅडिव्हरीची, एक ग्वार्नेरीचं. जुन्या लाकडाचा वास ओळखू येऊ नये म्हणून हनुवटीच्या जागी अत्तर लावलं! सर्वांत जास्त पसंती एका नव्या व्हायोलिनला मिळाली, सर्वांत कमी एका स्ट्रॅडिव्हरीला. टीका झाली की हॉटेलच्या खोलीत काय कळणार, वेळ कमी, वाद्यं थोडी. म्हणून 2012 मध्ये पॅरिसला दहा नामवंत एकल वादकांना बारा वाद्यं दिली, सहा जुनी, सहा नवी, आणि सभागृहही दिलं. दहापैकी सहा जणांनी नवं वाद्य निवडलं. आणि जुनं कोणतं, नवं कोणतं, हे ओळखण्यात त्यांचं यश नाणं उडवून मिळेल त्याहून जास्त नव्हतं. पुढे श्रोत्यांवरही प्रयोग झाले, त्यांचा कौलही नव्यांच्याच बाजूचा.

लक्षात घ्या, व्हायोलिनमध्ये लाकूडच बोलतं. आपल्या तंबोऱ्यात, सतारीत भोपळा आणि लाकूड बोलतं. मिरजेचे फरीदसाहेब सतारमेकर मूळचे शिकलगार, हत्यारांना धार लावणारे. त्यांच्या घराण्यापासून दीडशे वर्षांहून जास्त काळ तिथं तंबोरे होतात. पंढरपूर भागातला भोपळा निवडून, वाळवून, त्यातून वाद्य उभं करतात. 2024 साली त्या सतार-तंबोऱ्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. तिथं जुन्या लाकडाची गोष्ट निदान विचार करण्यासारखी आहे. पेटीत मुख्य आवाज रीडचा, लाकडाचा वाटा थोडका. आणि बेसगिटारीत तर पोकळ भाग बहुधा नसतोच. पोलादी तार लोहचुंबकावर थरथरते, चुंबकाभोवती तांब्याच्या बारीक तारेचं वेटोळं असतं, त्यात वीज उमटते आणि ती लाउडस्पीकरला जाते. तिथं साठ वर्षं मुरलेल्या लाकडाला बोलायला जागा किती?

पण गोष्ट इथं संपवली तर मी अण्णांवर अन्याय करीन. चाचांनी त्याच दिवशी आणखी एक गोष्ट दाखवली. ती खरी जुनी जर्मन पेटी माझ्या पुढ्यात ठेवून म्हणाले, ‘भाता अगदी हळू मारा.’ मी नुसता हात टेकवला आणि सूर बोलला. नव्या पेटीत त्याच सुराला जरा ढकलावं लागत होतं. जीभ चिरेत किती नेमकी बसली आहे, दोन्हींमध्ये केसाएवढीच फट आहे की जास्त, यावर ती किती कमी हवेत बोलेल ते ठरतं. हे ऐकणाऱ्याला कळत नाही, वाजवणाऱ्याच्या हाताला कळतं. तेव्हा अण्णा म्हणत होते ते निव्वळ नाव नसेलही. त्यांच्या डाव्या हाताला काही ठाऊक असेल. मात्र चाचांनी लगेच पुस्ती जोडली, की नव्या पेटीची रीडही नीट बसवली तर अशीच बोलते, ‘पण तेवढ्या मेहनतीचे पैसे कोण देतो?’ म्हणजे फरक वयाचा नाही, हाताखालून किती वेळ गेली याचा आहे. आणि जुन्यांतल्या वाईट पेट्यांचं काय झालं? त्या केव्हाच चुलीत गेल्या, उंदरांनी खाल्ल्या. राहिल्या त्या कुणाला तरी जपाव्याशा वाटल्या म्हणून. मग आपण उरलेल्यांकडे बघून म्हणतो, जुन्या काळी सगळंच चांगलं होतं.

बेसगिटारीची हकिकत मी नंतर थोडी वाचून काढली. लिओ फेंडर हा मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा. त्याने 1951 साली ‘प्रिसिजन बेस’ बाजारात आणली. ती कारखान्यात, भराभर, स्वस्तात करता यावी अशीच आखलेली होती. 1965 मध्ये त्याने कंपनी सीबीएसला विकली, आणि तेव्हापासून ‘सीबीएसच्या आधीची’ हे शब्द तिकडे आपल्या ‘पॅरिसची’सारखे झाले. मोटाउन कंपनीचा जेम्स जेमर्सन हा या वाद्याचा मोठा वादक. त्याची 1962 ची गिटार आज दंतकथा आहे. पण त्याने ती वाजवली तेव्हा ती नवीच होती की! पॅरिसच्या पेटीवर नाट्यपदं वाजली तेव्हा तीही बाजारातून आलेली नवी वस्तूच होती. आणि जेमर्सन म्हणे तार तुटेपर्यंत बदलत नसे. ज्या आवाजाला लोक जुन्या लाकडाचा समजतात त्यात मळलेल्या तारेचा भाग किती, हे कुणी मोजावं.

‘जुनं’ हा शब्दसुद्धा सरकत असतो. 1940 च्या मार्चपासून ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमवर बंदी घातली, कारण ती परकी, तिला मींड येत नाही, आपल्या श्रुती तिच्यात बसत नाहीत. ही बंदी जवळजवळ तीस वर्षं टिकली. आपल्या जालन्याकडचे आप्पा जळगावकर त्या काळात घडले, हे लक्षात घेतलं म्हणजे रेडिओला काय ऐकू येत नव्हतं ते कळतं. इकडे नांदेडला गुरुद्वाऱ्यात हार्मोनियमवर कीर्तन ऐकताना भाविकाला ती परंपरेचाच भाग वाटते. 2022 मध्ये अकाल तख्ताच्या जत्थेदारांनी अमृतसरच्या दरबार साहिबात हार्मोनियम टप्प्याटप्प्याने कमी करून जुनी तंतुवाद्यं परत आणावीत असं सांगितलं, तेव्हा पुष्कळांना प्रथमच कळलं की ही पेटी ‘नवी’ आहे. एकच वाद्य, आणि कुणाला उपरं, कुणाला वडिलोपार्जित.

आता ज्ञानमीमांसा, वचन दिलं होतं म्हणून. न्यायसूत्रात गौतमाने प्रत्यक्ष ज्ञानाचं लक्षण करताना एक विशेषण घातलं आहे, ‘अव्यपदेश्य’, म्हणजे ज्यात नावाची भेसळ नाही असं. त्यावर पुढे शतकानुशतकं वाद झाला. दिङ्नाग हा बौद्ध आचार्य म्हणाला, नाव आलं की कल्पना आली, ते प्रत्यक्ष नव्हेच. नैयायिकांनी उत्तर दिलं, की बाबा, आधी नुसतं दिसतं, मग नावासकट दिसतं, आणि नावासकट दिसणं हेही प्रत्यक्षच. मी तीस वर्षं हा वाद वर्गात शिकवला. परीक्षेला प्रश्नही काढला, दहा गुणांचा. पण माझ्या घरात, माझ्याच पेटीवर, मी आधी ‘पॅरिस’ म्हणायचो आणि मग लोक ऐकायचे, हे अकरा वर्षांत एकदाही माझ्या लक्षात आलं नाही. नैयायिकांचं एक मात्र मान्य करतो. नावासकट ऐकलेला गोडवा खोटा नव्हता. ती माणसं खरोखर सुखावत होती. खोटी होती ती किंमत. आणि ती किंमत आपल्याकडे कोण देतं? वर्गणी काढून पेटी घेणारं मंडळ देतं. ‘पालिताण्याची काय शिकायची’ म्हणून ज्याचं शिकणं लांबणीवर पडतं तो पोरगा देतो. आणि तेरा वर्षं टाळ वाजवणारा माणूस.

पुतण्याच्या मुलाला मी सांगितलं, नवी घे, तारा चांगल्या घाल, आणि वाचलेल्या पैशातून तारांची उंची आणि सूर नीट लावून देणारा माणूस शोध. त्याने ऐकलं की नाही, अजून कळलेलं नाही. त्याच्या खोलीत एका जुन्या फेंडरचं चित्र लावलेलं आहे.

शेवटची एक गोष्ट सांगतो. ती 1976 ची पेटी, धोतराच्या पानाखालची, आईने नंतर गावच्या मंडळाला देऊन टाकली होती. गेल्या आषाढात गावी गेलो, देवळात भजन चाललं होतं. विशीतला एक मुलगा पेटी वाजवत होता, हात चांगला होता. शेजारी बसलेल्या गृहस्थांनी मला ओळखलं नाही. मी टक लावून बघतोय हे पाहून ते कानाशी वाकले. म्हणाले, ‘जुनी पेटी आहे ती. पॅरिसची. असा आवाज आता होत नाही.’

मी काही बोललो नाही. भजन संपल्यावर त्या मुलाला एवढंच सांगितलं, की काळी दोनचा सूर उतरलाय, लावून घे.